फायनान्सच्या पदवीतून गणित वगळा म्हणणाऱ्यांना

बारावीचा निकाल लागला की कॉमर्सच्या मुलांना एक सल्ला हमखास मिळतो. फायनान्स करायचंय ना, मग फायनान्सचेच विषय घे. बीएएफ (अकाउंटिंग अँड फायनान्स) नाहीतर बीएफएमला (फायनान्शियल मार्केट्स) प्रवेश घे, मायनरही त्याच्याच आसपासचा निवड, ओपन इलेक्टिव्हला मार्क सुटतील असा सोपा पेपर बघ, सुट्टीत एनआयएसएमचं एखादं प्रमाणपत्र काढ आणि शेवटच्या वर्षी सीएफएच्या पहिल्या लेव्हलला बस. गणित, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र, कायदा यांत वेळ घालवू नकोस, नोकरीत ते कोणी विचारत नाही. क्लासवाले हे सांगतात, करिअर मेळाव्यातले वक्ते सांगतात, दोन वर्षांपूर्वी नोकरीला लागलेला शेजारचा दादाही हेच सांगतो. सांगणाऱ्यांच्या मनात काही वाईट नसतं. पण हा सल्ला चुकीचा आहे, आणि तो ऐकणाऱ्या मुलांचं नुकसान पदवी हातात पडल्यावर सुरू होतं, म्हणजे दुरुस्तीची वेळ टळून गेल्यावर.

पूर्वी या सल्ल्याने फारसं बिघडत नसे, कारण निवडायला फार काही नव्हतंच. विद्यापीठ ठरवील ते पेपर आणि विद्यापीठ ठरवील तो क्रम. आता तसं राहिलेलं नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार आखलेली रचना महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाली. स्वायत्त महाविद्यालयांत ती वर्षभर आधीच आली होती. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट लागतात. त्यांतले साधारण १८ ते २० मायनरचे आणि १० ते १२ ओपन इलेक्टिव्हचे. ओपन इलेक्टिव्ह तर आपल्या विद्याशाखेबाहेरचंच घ्यावं लागतं. म्हणजे पदवीचा जवळजवळ चौथा हिस्सा विद्यार्थ्याच्या निवडीवर सोडलेला आहे. त्या चौथ्या हिश्श्यात काय भरायचं, हा आता खरोखरीचा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर सवयीने देऊन भागणार नाही.

गणिताला रजा देण्याची सुरुवात अकरावीतच होते. बुक-कीपिंग, इकॉनॉमिक्स, ओसी (ऑर्गनायझेशन ऑफ कॉमर्स) ठरलेले असतात; पुढे एसपी (सेक्रेटरियल प्रॅक्टिस) की मॅथ्स, एवढंच ठरवायचं असतं. एसपीत मार्क सुटतात म्हणून वर्गातली बरीच मुलं तिकडे वळतात. पंधराव्या-सोळाव्या वर्षी केलेल्या या निवडीला दोष देण्यात अर्थ नाही. मात्र तीच निवड पदवीच्या तिन्ही वर्षांत पुन्हा पुन्हा करत राहणं हा वेगळा मामला आहे. एफवायला गणित-संख्याशास्त्राचे जे एक-दोन पेपर सक्तीने येतात ते कसेबसे काढायचे, एटीकेटी टळली की सुटकेचा श्वास सोडायचा आणि एसवायला थेट पोर्टफोलिओ मॅनेजमेंट, डेरिव्हेटिव्हज, वेल्थ मॅनेजमेंट अशा भारदस्त नावांच्या पेपरांकडे जायचं. नावं मोठी असली तरी आत सगळं गणित, हिशेब आणि कायदाच असतो. तो येत नसेल तर उरतात त्या व्याख्या, आणि व्याख्या पाठ करून पेपर सुटतो.

एक साधं उदाहरण घेऊ. दुचाकीसाठी एक लाखाचं कर्ज ‘दहा टक्के फ्लॅट’ दराने तीन वर्षांसाठी घेतलं. वर्षाचं व्याज दहा हजार, तीन वर्षांचं तीस हजार. एक लाख तीस हजारांना ३६ ने भागलं की हप्ता आला ३,६११ रुपये. दर दहा टक्केच वाटतो. पण मुद्दल तर महिन्या-महिन्याने फिटत असतं, आणि व्याजाची आकारणी मात्र शेवटच्या हप्त्यापर्यंत पूर्ण लाखावर चाललेली असते. घटत्या शिलकेवर हिशेब मांडला तर महिन्याचा दर सुमारे १.४९ टक्के निघतो, म्हणजे वर्षाला जवळपास १८ टक्के. कागदावर ३६ ओळींचा तक्ता मांडावा. पहिल्या महिन्याचं व्याज १,४९३, मुद्दलात गेले २,११८, शिल्लक ९७,८८२. दुसऱ्या महिन्याचं व्याज १,४६२. हा तक्ता एकदा हाताने शेवटच्या ओळीपर्यंत नेणाऱ्या मुलीला भूमिती श्रेढी कशासाठी शिकायची, हे पुन्हा सांगावं लागत नाही.

आणि हेच गणित पुढे सगळीकडे भेटतं. सात टक्के व्याजाचा दहा वर्षांचा सरकारी रोखा शंभर रुपयांना घेतला आणि बाजारातला दर आठ टक्क्यांवर गेला, तर त्या रोख्याची किंमत ९३ रुपयांच्या आसपास येते. दर एक टक्का वाढला, भाव सात टक्के पडला. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेतली सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली, त्याच्या मुळाशी हाच संबंध होता. दर तळाला असताना बँकेने लांब मुदतीचे रोखे भरपूर घेतले. दर चढले, रोख्यांच्या किमती उतरल्या. ठेवीदार पैसे मागू लागल्यावर बँकेला सुमारे २१ अब्ज डॉलरचे रोखे १.८ अब्जांचा तोटा सोसून विकावे लागले आणि ती बातमी फुटताच ठेवी काढायला झुंबड उडाली. हे समजायला पदव्युत्तर अभ्यास लागत नाही. कॉमर्सच्या बारावीच्या गणितावर एक पायरी चढलं तरी पुरतं.

‘इंडस्ट्रीला कौशल्य हवं, थिअरी नको’ हा या सल्ल्यामागचा पहिला आणि सगळ्यांत लोकप्रिय युक्तिवाद. कौशल्य हवंच. पण कोणतं? चार्ट वाचायला शिकवणारे, ऑप्शन्सचे डावपेच शिकवणारे अभ्यासक्रम कौशल्याच्या नावाने विकले जातात आणि मुलं पदवीच्या तासांना दांडी मारून ते करतात. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास अशा प्रत्येक मुलाने वाचायला हवा. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक ट्रेडरांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. सगळ्यांचा मिळून तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून जास्त. मग पैसा गेला कुठे? याच अभ्यासात दिसतं, की २०२३-२४ मध्ये परदेशी गुंतवणूक संस्थांनी कमावलेल्या नफ्यातला ९७ टक्के आणि ब्रोकर-संस्थांच्या स्वतःच्या खात्यावरच्या नफ्यातला ९६ टक्के वाटा अल्गोरिदमने चालणाऱ्या व्यवहारांचा होता. समोरच्या बाजूला संभाव्यता, संख्याशास्त्र आणि प्रोग्रॅमिंग बसलेलं आहे. अलीकडच्या बाजूला तेच विषय कंटाळवाणे म्हणून सोडून आलेला मुलगा. बाजार ज्याला कौशल्य मानतो ते याच ‘थिअरी’वर उभं आहे.

एनआयएसएमच्या प्रमाणपत्रांबद्दल गैरसमज नको. सेबीने स्थापन केलेली ही संस्था महत्त्वाचं काम करते. म्युच्युअल फंड वितरक व्हायचं असेल तर तिची परीक्षा द्यावीच लागते. पण ती प्रमाणपत्रं एका ठरावीक कामाचे परवाने आहेत, बहुतेकांची मुदत तीन वर्षांची असते आणि एक परीक्षा थोड्या आठवड्यांच्या तयारीत सुटते. जे नंतर केव्हाही आठवड्यांत होतं, त्यासाठी पदवीतली जागा अडवायची आणि ज्याला सलग दोन सेमिस्टर शिक्षकासमोर बसावं लागतं ते सोडून द्यायचं, हा क्रम उलटा आहे.

दुसरा युक्तिवाद असा, की पाया पक्का करायला सीए किंवा सीएफए आहेच, पदवी फक्त नावाला लागते. हे म्हणणाऱ्यांनी त्या परीक्षांचे अभ्यासक्रम उघडून पाहावेत. सीए फाउंडेशनला चार पेपर आहेत: हिशेब, व्यापारी कायदे, गणित-तर्क-संख्याशास्त्राचा क्वांटिटेटिव्ह ॲप्टिट्यूड आणि अर्थशास्त्र. हिशेब तपासणीचा हा व्यावसायिक अभ्यासक्रम दारातच हे चार विषय मागतो, आणि पदवीचा सल्ला देणारे नेमके त्यातलेच तीन टाळायला सांगतात. सीएफए इन्स्टिट्यूटने तर २०२४ पासून पहिल्या लेव्हलच्या अभ्यासक्रमातला अगदी प्राथमिक भाग बाजूला काढून ‘पूर्वतयारीचं वाचन’ म्हणून ठेवला. कारण सरळ आहे: हे तुम्ही विद्यापीठात शिकून आला असाल असं ते धरून चालतात. मुलांना सांगितलं जातं की ते सीएफए शिकवील. सीएफए म्हणतं की ते विद्यापीठाने शिकवलेलं असेल. मधल्या मध्ये तो भाग कोणीच शिकवत नाही.

तिसरा युक्तिवाद नव्या काळाचा आहे. आकडेमोड एक्सेल करतं, आता तर एआय करतं, मग माणसाने गणित कशाला शिकायचं? याचं उत्तर एका विद्यार्थ्यानेच देऊन ठेवलं आहे.

कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या दोन नामांकित अर्थशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेलं की विकासदर कोसळतो, असा त्याचा निष्कर्ष होता. त्यांच्या हिशेबात अशा देशांची सरासरी वाढ उणे ०.१ टक्के आली होती. आर्थिक संकटातून जाणाऱ्या युरोप-अमेरिकेत खर्चकपातीच्या बाजूने बोलणाऱ्या नेत्यांनी हा आकडा उचलून धरला. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट इथल्या विभागात थॉमस हर्नडन नावाचा विद्यार्थी पीएचडीसाठी शिकत होता. इकॉनोमेट्रिक्सच्या एका कोर्समध्ये त्याला गृहपाठ मिळाला: एखादा प्रसिद्ध निबंध घ्या आणि त्याचे आकडे स्वतः काढून दाखवा. त्याने हा निबंध निवडला. आकडे जुळेनात. पुन्हा केले, तरी जुळेनात. शेवटी त्याने लेखकांकडे त्यांची मूळ एक्सेल फाइल मागितली आणि त्यांनी ती पाठवली. फाइल उघडून सरासरीच्या सूत्रावर क्लिक केल्यावर दिसलं, की ते ३० ते ४९ या ओळींऐवजी ३० ते ४४ याच ओळींची सरासरी काढत होतं. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क हे पाच देश हिशेबात आलेच नव्हते. शिवाय काही देशांची काही वर्षं वगळलेली होती आणि देशांना भार देण्याची पद्धतही वादाची होती. आपल्या दोन प्राध्यापकांबरोबर, मायकेल ॲश आणि रॉबर्ट पोलिन यांच्याबरोबर, हर्नडनने २०१३ मध्ये सगळं दुरुस्त करून मांडलं. सरासरी वाढ उणे ०.१ नव्हे, तर २.२ टक्के निघाली.

एक्सेलने त्या फाइलमध्ये सांगितलेलं काम चोख केलं होतं. कोणत्या ओळी घ्यायच्या आणि भार कसा द्यायचा, हे ठरवणं माणसाकडे होतं. आणि चूक सापडली ती एका कोर्सच्या गृहपाठात. जे विषय मुलांना टाळायला सांगितले जातात, त्यांच्यातल्याच एकाच्या. एआय हाताशी आल्यावर ही गरज कमी होणार नाही, उलट वाढणार आहे, कारण आता चुकीचा आकडाही नीटनेटक्या वाक्यांत, आत्मविश्वासाने समोर येतो. तो चुकीचा आहे हे ओळखायला अंदाजाने तरी बरोबर आकडा काय असावा, हे माहीत असावं लागतं.

हिशेबाचंही असंच आहे. बुक-कीपिंग शाळकरी आणि फायनान्स म्हणजे वरच्या पायरीची गोष्ट, असा समज मुलांच्या मनात कोणी तरी रुजवलेला असतो. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम कंपनीचे प्रमुख रामलिंग राजू यांनी घोटाळ्याच्या कबुलीचं पत्र लिहिलं तेव्हा ताळेबंदात रोख आणि बँकेतली शिल्लक दाखवली होती ५,३६१ कोटी. त्यांतले ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. त्या नसलेल्या पैशावर जमा झालेलं ३७६ कोटींचं व्याजही पुस्तकात होतं. कंपनीच्या वहीतली शिल्लक आणि बँकेने स्वतः कळवलेली शिल्लक जुळते का, हे पाहणं म्हणजे अकरावीत शिकवतात ते बँक जुळवणीपत्रक. गुंतागुंतीची मॉडेलं बांधणारे कितीतरी विश्लेषक त्या शेअरवर अहवाल लिहीत होते. प्रश्न विचारायचा होता तो अकरावीच्या पुस्तकातला. म्हणून प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाचे जे क्रेडिट नव्या रचनेत आहेत, ते सीएच्या ऑफिसात व्हाउचर तपासण्यात आणि जुळवण्या करण्यात खर्च झाले तर ती चांगली गुंतवणूक आहे. तिथे मिळणारं शिक्षण कोणत्याही ‘इन्व्हेस्टमेंट बँकिंग’च्या वीकएंड कोर्समध्ये मिळत नाही.

कायद्याचं उदाहरण शोधायला महाराष्ट्राबाहेर जायला नको. २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले आणि सुरुवातीला ठेवीदाराला काढता येणारी रक्कम ठरली फक्त एक हजार रुपये. कर्जांपैकी ७० टक्क्यांहून अधिक एकाच बिल्डर समूहाला गेली होती आणि ती बनावट खात्यांआड लपवली होती. निवृत्तीचे पैसे, लग्नाचे पैसे, हाउसिंग सोसायट्यांचे पैसे अडकले. तेव्हा ठेवींवरचा विमा एक लाखाचा होता. फेब्रुवारी २०२० मध्ये तो पाच लाख झाला. सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँक आणि सहकार निबंधक यांचा दुहेरी अंमल कसा चालतो, २०२० च्या दुरुस्तीने त्यात काय बदललं, ठेवीदाराचा क्रम कुठे लागतो, हे सगळं बँकिंग कायद्याच्या पेपरात असतं. सहकाराने विणलेल्या या राज्यात फायनान्सचा पदवीधर या प्रश्नांवर गप्प बसत असेल, तर त्याच्या पदवीचा त्याच्या घरच्यांना काय उपयोग?

बाहेरचे विषय घेतले तर मुख्य विषय पातळ होतो, ही भीतीही खोटी आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, तेव्हाची त्यांच्या कोर्सेसची नोंद उपलब्ध आहे. अर्थशास्त्राचे २९ कोर्स. आणि त्याबरोबर इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, शिवाय प्राथमिक फ्रेंच आणि प्राथमिक जर्मनचा एकेक. म्हणजे साठांतले ३१ कोर्स अर्थशास्त्राबाहेरचे. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ १८३३ पासूनचे केंद्र-प्रांत आर्थिक संबंध उलगडतो. रुपयाच्या प्रश्नावरचा १९२३ चा ग्रंथ चलनाच्या इतिहासात शिरून विनिमयदराचा वाद सोडवतो. दोन वर्षांनी हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी चलनावर साक्ष दिली. तो अभ्यास पदव्युत्तर होता आणि ती बुद्धी असामान्य होती, हे खरंच. पण इथे मुद्दा बुद्धीचा नाही, निवडीचा आहे. वित्ताचा इतका खोल अभ्यास करणाऱ्या माणसाने इतिहास आणि राज्यशास्त्राला ‘वेळेचा अपव्यय’ मानलं नव्हतं.

राहिला मार्कांचा मुद्दा, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. कॅम्पसवर येणारी कंपनी आधी सीजीपीए पाहते. गणिताच्या पेपराने तो घसरला तर मुलाखतीपर्यंतच पोचता येत नाही, ही भीती रास्त आहे. तेव्हा ती मोजून पाहावी. १२० क्रेडिटपैकी ४ क्रेडिटच्या एका पेपरात ९ ऐवजी ७ ग्रेड पॉइंट मिळाले, तर एकूण सीजीपीए साधारण ०.०७ ने उतरतो. वीस क्रेडिटचं आख्खं मायनर दोन-दोन पॉइंटांनी खाली गेलं, हे फारच वाईट धरलं, तरी घसरण ०.३३ ची. ८.३ चे ८ होतील. मुलाखतीत मात्र संख्याशास्त्राचं मायनर घेतलेला विद्यार्थी पहिल्या प्रश्नापासून वेगळा उठून दिसतो.

ज्यांनी अकरावीपासून गणित सोडलेलं आहे, त्यांनी कलनशास्त्रावर उडी मारू नये. पहिल्या दोन सेमिस्टरमध्ये हिशेब आणि सूक्ष्म अर्थशास्त्र पक्कं करावं, बरोबरीने बारावीचं कॉमर्सचं गणित सुट्टीत पुन्हा सोडवावं. मग संख्याशास्त्र घ्यावं, कारण ते व्यवहाराच्या जास्त जवळ असतं आणि त्यातून आत्मविश्वास येतो. तिसऱ्या-चौथ्या सेमिस्टरला कॉर्पोरेट फायनान्स, कंपनी कायदा आणि थोडं प्रोग्रॅमिंग. डेरिव्हेटिव्हज आणि पोर्टफोलिओचे पेपर टीवायला, तोवर त्यांची भाषा कळायला लागलेली असते. चौथं वर्ष घ्यायचं की नाही, हे सहाव्या सेमिस्टरपर्यंत उघडं ठेवलेलं बरं. संशोधनासह ऑनर्सचा विचार असेल तर पहिल्या सहा सेमिस्टरला ७५ टक्के लागतात, एवढं लक्षात ठेवावं.

या सगळ्यावर एक आक्षेप उरतो, आणि तो सर्वांत वजनदार आहे. निवड आहे कुठे? अनेक महाविद्यालयांत मायनरच्या यादीत दोनच नावं असतात, ओपन इलेक्टिव्ह कोणत्या शिक्षकाचा वर्कलोड भरायचा आहे त्यावर ठरतं, आणि कॉमर्सच्या मुलाने संख्याशास्त्र मागितलं की टाइमटेबल जुळत नाही असं उत्तर मिळतं. हे खरं आहे, आणि यात विद्यार्थ्याचा काडीचाही दोष नाही. पण म्हणून चुकीचा सल्ला बरोबर ठरत नाही. त्याने फक्त जबाबदारी कोणाची हे कळतं. तिन्ही शाखा असलेल्या महाविद्यालयात गणित आणि संख्याशास्त्राचे प्राध्यापक त्याच इमारतीत, फार तर दोन मजले वर, असतात. कॉमर्सचे तास बहुधा सकाळी असतात, विज्ञानाचे दिवसभर. सकाळी अकरानंतरचा एक तास दोन्ही शाखांनी सामाईक ठेवणं एवढाच बदल लागतो, आणि तो प्राचार्यांच्या अधिकारात बसतो. ज्या महाविद्यालयात विज्ञान शाखाच नाही, तिथे शेजारच्या महाविद्यालयाशी करार करता येतो किंवा स्वयम्‌वरचे ऑनलाइन कोर्स नियमांच्या मर्यादेत क्रेडिटसाठी धरता येतात. पालकांनी प्रवेशाच्या दिवशी कॅम्पस प्लेसमेंटचा आकडा विचारण्याआधी मायनरची यादी मागावी. त्या यादीत गणित आणि संख्याशास्त्र असलंच पाहिजे, आणि ते घेणारी सातच मुलं निघाली तरी वर्ग भरला पाहिजे.